पाच बाइट्सची गोष्ट

गेले दोन विकांत इथे काही लिहिलं नाही. एक-दोघांनी विचारलंसुद्धा, 'आहेस ना बाबा?' म्हणून. आहे. पण न लिहिण्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे, ते शेवटी सांगतो. त्या कारणापायीच एक जुनं प्रकरण पुन्हा उघडून नीट वाचलं, ते आधी.

प्रकरण २००८चं. तेव्हा मी सहावीत होतो आणि कर्नल म्हणजे सैन्यातला मोठ्या मिशांचा माणूस, एवढंच मला माहीत होतं. हा कर्नल लिनक्सचा. ज्यांचा लिनक्सशी संबंध सर्व्हरवर लॉगइन करून लॉग बघण्यापुरताच येतो (म्हणजे आपण बहुतेक सगळेच), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणाला कधी मिळणार, डिस्कशी आणि नेटवर्क कार्डाशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे सगळं कर्नल बघतो. आपला प्रोग्राम गडबडला तर कर्नल त्याला मारतो आणि बाकीचं जग चालू राहतं. कर्नलच गडबडला तर त्याच्या वर कोणी नाही. घरातल्या सगळ्या किल्ल्या त्याच्याकडेच असतात.

आणि तो गडबडला तर शोधायचं कसं? लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१मध्ये हा कर्नल लिहायला घेतला, आणि कर्नलला डीबगर जोडण्याची कल्पना त्यांना पुढे बरीच वर्षं फारशी रुचली नाही. डीबगर हातात आला की माणूस विचार करायचं सोडून लक्षणांवर मलमपट्टी करत बसतो, असा त्यांचा साधारण सूर. केजीडीबी नावाचा डीबगर मुख्य कर्नलमध्ये आला तो थेट २.६.२६ या आवृत्तीत, म्हणजे जुलै २००८मध्ये. तोवर (आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही) मुख्य हत्यार एकच: प्रिंट-के. आपण कोडमध्ये 'इथपर्यंत आलं', 'इथपर्यंत पण आलं', 'च्यायला इथे का आलं' असं छापत बसतो ना? तेच, फक्त कर्नलमध्ये.

तर, २००८चा ऑगस्ट-सप्टेंबर. २.६.२७ची तयारी चालू होती. रिलीज कँडिडेट बाहेर पडत होते, आणि ओपनसुसे, फेडोरा, उबुंटू वगैरे मंडळींनी तोच कर्नल आपापल्या चाचणी आवृत्त्यांत घातला होता. हौशी लोक तो लॅपटॉपवर टाकून बघत होते. आणि काही जणांचं नेटवर्क कार्ड मरायला लागलं.

मरायला लागलं म्हणजे खरोखरच मेलं. रीस्टार्ट करून, जुना कर्नल टाकून, डिस्क फॉरमॅट करूनही काही उपयोग नाही. सगळी कार्डं इंटेलची, ई१०००ई हा ड्रायव्हर वापरणारी, बहुतेक लॅपटॉपच्या चिपसेटमध्येच बसवलेली. अशा कार्डाला थोडी कायमस्वरूपी मेमरी असते. कार्डाचा मॅक पत्ता आणि बाकीची मांडणी तिच्यात लिहिलेली असते, आणि वीज गेली तरी ती पुसली जात नाही. तिथलाच मजकूर कोणीतरी खराब करत होतं. मशीन सुरू होताना ड्रायव्हर त्या मजकुराची बेरीज तपासतो, ती जुळली नाही की कार्डाला हात लावायला नकार देतो. झालं, लॅपटॉपचं नेटवर्क संपलं.

सॉफ्टवेअरच्या बगने हार्डवेअर जाणं ही फार दुर्मीळ गोष्ट. आपल्या धंद्यात एक मूलभूत दिलासा असतो की काहीही झालं तरी रीइन्स्टॉल करता येतं. इथे तो दिलासाच नव्हता. उबुंटूने तर आपल्या चाचणी आवृत्तीत तो ड्रायव्हरच बंद करून टाकला. म्हणजे ज्यांच्याकडे हे कार्ड, त्यांना वायरवरचं नेटवर्क नाही, पण निदान कार्ड जिवंत.

आता संशयित कोण? तुम्हीआम्ही जे म्हटलं असतं तेच. कार्ड ई१०००ईचं, त्या कार्डाच्या मेमरीला हात लावण्याचं काम ई१०००ई ड्रायव्हरचं, तेव्हा गुन्हेगार ई१०००ई. प्रेत ज्याच्या घरात सापडलं त्याला आधी उचला! संशयितांत दुसरं नाव होतं ग्राफिक्सचं. एक्स सर्व्हर हार्डवेअरची मेमरी थेट मॅप करतो, त्यामुळे चुकून शेजारच्या घरात पाय पडणं अशक्य नव्हतं. म्हणजे दोन संशयित, आणि दोघांच्याही विरुद्ध परिस्थितीजन्य पुरावा भरपूर.

इंटेलच्या आणि वितरणांच्या लोकांनी ड्रायव्हर ओळ न् ओळ तपासला. थॉमस ग्लाइक्सनर यांच्यासारखा बाहेरचा, कर्नलमधला मुरलेला माणूसही त्यात उतरला. आणि गंमत बघा, ड्रायव्हरमध्ये खरोखरच चुका निघाल्या. कार्डाची ही मेमरी वापरताना जे कुलूप लावायचं असतं, त्या कुलपाच्या हाताळणीत ढिलाई होती. दोन धागे एकाच वेळी आत शिरू शकतील अशा जागा होत्या. त्या दुरुस्त झाल्या. पण कार्डं मरत होतीच.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अवघड टप्पा हाच. संशयिताच्या घरी झडती घेतली, चोरीचा मालही सापडला, पण तो दुसऱ्याच चोरीचा! इथे थांबायचा मोह किती होत असेल. 'बग सापडला, फिक्स केला, टिकेट बंद.' मी थांबलो असतो. (थांबलोच होतो. सांगतो.)

मग गिट बायसेक्ट का नाही वापरलं, असं तुम्ही म्हणाल. वापरण्यासारखंच होतं. २००५च्या एप्रिलमध्ये बिटकीपरचं फुकट वापराचं दार बंद झालं, म्हणून टॉरव्हाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं, आणि त्याच वर्षी त्यात बायसेक्ट आलं. शब्दकोशात शब्द शोधतो तसंच आहे ते. मधलं पान उघडा, शब्द अलीकडे की पलीकडे ते बघा, निम्मा कोश सोडून द्या. कर्नलच्या एका आवृत्तीत तेव्हा साधारण दहा हजार बदल असायचे. प्रत्येक वेळी निम्मे करत गेलं तर चौदा चाचण्यांत नेमका बदल हातात यायला हवा. चौदा वेळा कर्नल बनवा, चौदा वेळा बूट करा, संपलं. कर्नलची रचना काडीइतकीही माहीत नसलेला माणूससुद्धा हे करू शकतो. हे हत्यार मला फार आवडतं ते यासाठीच.

पण या बगसाठी प्रत्येक 'वाईट' उत्तराची किंमत होती एक नेटवर्क कार्ड. म्हणून जाणत्या लोकांचा सल्ला असा की चाचणीआधी ईथटूल वापरून कार्डातला मजकूर फाइलमध्ये उतरवून घ्या, म्हणजे पुढेमागे परत लिहायची आशा तरी राहील. त्याहून वाईट म्हणजे 'चांगलं' या उत्तरावर विश्वास ठेवता येत नव्हता. कार्ड दर वेळी मरत नव्हतं. एखादा कर्नल तासभर नीट चालला, म्हणजे त्यात बग नाही की नशीब चांगलं? बायसेक्टला एक जरी खोटं 'चांगलं' मिळालं की तो उरलेला सगळा शोध चुकीच्या अर्ध्या भागात करत बसतो, आणि शेवटी अत्यंत आत्मविश्वासाने एका निरपराध बदलाचं नाव सांगतो. अधूनमधून येणाऱ्या बगच्या मागे लागलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असेल.

९ ऑक्टोबर २००८ला २.६.२७ बाहेर पडला. खरा गुन्हेगार तोवर जाहीर झाला नव्हता. एक बंदोबस्त मात्र झाला होता. इंटेलच्या लोकांनी ड्रायव्हरमध्ये अशी सोय केली की काम सुरू झाल्यावर कार्डाची ती मेमरी हार्डवेअरच्याच पातळीवर लिहिण्यासाठी बंद व्हावी. चोर कोण ते माहीत नाही, पण तिजोरीला आतून कडी.

आणि मग संशयाची सुई फिरली ती भलतीकडेच. नेटवर्कशी काडीचा संबंध नाही, ग्राफिक्सशी नाही. एफट्रेस!

एफट्रेस २.६.२७मध्येच पहिल्यांदा आला होता. लिहिणारे स्टीव्हन रॉस्टेड्ट आणि इंगो मोल्नार, दोघेही रिअल-टाइम कर्नलच्या कामातले. कर्नलमध्ये कोणतं फंक्शन कधी चाललं याचा माग काढणारी ही सोय. म्हणजे बग शोधण्याचंच हत्यार. बग शोधायच्या हत्याराने कार्डं मारावीत, हा विनोद मी रचलेला नाही :-)

कसं ते सांगतो. इथे जरा सावकाश वाचा, कारण खरी मजा इथेच आहे.

जीसीसीला एक पर्याय दिला की तो प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला 'एमकाउंट' नावाच्या फंक्शनला एक कॉल घालतो. त्या कॉलमधून माग काढता येतो. पण माग नको असतानाही कर्नलच्या हजारो फंक्शनांनी दर वेळी हा कॉल करणं परवडत नाही. म्हणून रॉस्टेड्ट यांची युक्ती अशी: चालू कर्नलचा कोड चालू असतानाच बदलायचा. एक्स८६वर तो कॉल पाच बाइट्सचा असतो. त्या जागी पाच बाइट्सची 'नॉप', म्हणजे काहीही न करणारी सूचना ठेवून द्यायची. माग हवा झाला की परत कॉल ठेवायचा.

कोणत्या पत्त्यावर बदल करायचा हे कसं कळणार? फंक्शन पहिल्यांदा चाललं की एमकाउंट त्याचा पत्ता यादीत टिपून ठेवायचा. एक पहारेकरी धागा दर सेकंदाला उठायचा, यादीत नवीन नावं दिसली तर सगळे प्रोसेसर क्षणभर थांबवायचा, आणि त्या पत्त्यांवर जाऊन कॉलच्या जागी नॉप ठेवायचा.

टिपणं आणि जाणं यात जास्तीत जास्त सेकंदभराचं अंतर. पण कर्नलमध्ये सेकंद म्हणजे अख्खं युग. ड्रायव्हरसारखं मॉड्यूल लोड होतं तेव्हा त्याचा सुरुवातीचा कोड एकदाच चालतो, आणि मग ती मेमरी मोकळी करून दुसऱ्याला दिली जाते. आपल्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखं समजा. यादीत पत्ता जुन्या भाडेकरूचा, आणि पहारेकरी दार ठोठावतो तोवर घरात कोणी तिसराच. बत्तीस बिटांच्या एक्स८६वर मॉड्यूलांना जागा मिळते तो मेमरीचा भाग आणि उपकरणांची मेमरी मॅप होते तो भाग एकच. म्हणजे त्या रिकाम्या झालेल्या खोलीत नवा भाडेकरू म्हणून येऊ शकत होती ई१०००ई कार्डाची ती कायमस्वरूपी मेमरी.

आता, हे लिहिणारे लोक कच्चे नव्हते. पत्त्यावर भलतंच काही असू शकतं हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पत्ता रिकामा असेल तर फॉल्ट पकडायची सोय होती. तिथे अपेक्षित बाइट्स नसतील तर काहीही बदलायचं नाही, अशी तपासणीही होती. ही तपासणी एकाच सूचनेत होते, कम्पेअर-एक्स्चेंज. जुनी किंमत जुळली तर नवी लिही, नाही जुळली तर सोडून दे.

पण प्रोसेसर 'सोडून देत' नाही. कम्पेअर-एक्स्चेंज जुळलं नाही तरी त्या पत्त्यावर लिहितोच. वाचलेली किंमतच परत लिहितो, एवढंच. हे इंटेलच्या मॅन्युअलमध्ये नोंदवलेलं आहे, लपवलेलं नाही. साध्या रॅमवर याने काडीचाही फरक पडत नाही, पाच होते तिथे परत पाच. दाराला कुलूप आहे का बघायला आपण कडी हलवून बघतो, तसं. पण उपकरणाच्या मेमरीत लिहिणं म्हणजे उपकरणाला दिलेला हुकूम असतो, आणि तिथे जे वाचलं तेच लिहिलं तर काय होईल याची काहीही हमी नसते. इथे ती कडी फ्लॅशच्या दाराला होती. पहारेकऱ्याने 'हे आपलं घर नाही' हे अगदी बरोबर ओळखलं, आणि ते ओळखता ओळखता कार्ड मारलं.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत एक चक्कर मारली होती. कोडमध्ये तपासणी आहे, तिचा तर्क शंभर टक्के बरोबर आहे, आणि तरीही तपासणीच घात करते. कोड रिव्ह्यूमध्ये हे कोणाच्या बापालाही दिसलं नसतं. बघणारे डोळे भरपूर असले की बग लपत नाही असं ओपन सोर्सवाले म्हणतात. इथे डोळे भरपूर होते, महिनाभर बघत होते, पण सगळे एकाच घराकडे.

१५ ऑक्टोबरला २.६.२७.१ आला आणि त्यात हे कोड बदलणारं एफट्रेस बंद केलं गेलं, 'तुटलेलं' असा शिक्का मारून. मुख्य आवृत्तीनंतर सहा दिवसांत! रॉस्टेड्ट यांनी वर सांगितलेली साखळी जाहीरपणे उलगडून सांगितली. पुढे २०१९मध्ये पॅरिसच्या कर्नल रेसिपीज परिषदेत एफट्रेसच्या इतिहासावर बोलताना त्यांनी हे प्रकरण पुन्हा स्वतःहून सांगितलं. आपल्या सगळ्यात मोठ्या चुकीवर भाषण द्यायचं म्हणजे छाती लागते.

दुरुस्ती नुसती एक ओळ बदलून झाली नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या २.६.२८मध्ये रचनाच बदलली. दर सेकंदाला उठणारा पहारेकरी गेला. कोणत्या पत्त्यांवर कॉल आहेत याची यादी कर्नल बनवतानाच तयार व्हायला लागली, आणि मॉड्यूलच्या बाबतीत त्याचा कोड चालायच्या आधीच नॉप बसायला लागले. शिवाय एफट्रेस कमालीचा संशयी झाला. आधी नुसतं वाचायचं, मग जुळवायचं, आणि जुळलं तरच लिहायचं, तीन वेगळ्या पायऱ्यांत, प्रत्येक पायरीला वेगळी त्रुटी. जरा काही विपरीत दिसलं की मोठ्याने इशारा छापून स्वतःला बंद करून घ्यायचं, ते रीबूट होईपर्यंत. हा स्वभाव अजून टिकून आहे. आणि इंटेलची ती तिजोरीची कडीही, खरा चोर सापडला म्हणून कोणी काढून टाकली नाही.

त्या पाच बाइट्सचं पुढे बरंच भलं झालं. मशीन बंद न करता कर्नल दुरुस्त करायची सोय, लाइव्ह पॅचिंग, २०१५मध्ये ४.० आवृत्तीत आली, ती फंक्शनच्या सुरुवातीच्या याच जागेवर उभी आहे. म्हणजे तुमच्या बँकेचा सर्व्हर रीबूट न होता पॅच झाला, तर त्यात २००८च्या त्या युक्तीचा हात असू शकतो.

असो. आता माझं.

आमच्या एका सर्व्हिसमध्ये महिन्याभरापासून अधूनमधून फाइली खराब व्हायच्या. अधूनमधून, हे लक्षात घ्या. स्टॅक ट्रेस दर वेळी एकाच मॉड्यूलकडे बोट दाखवायचा. ते मॉड्यूल टीममध्ये सहा महिन्यांपूर्वी आलेल्या एका मुलीचं. मीटिंगमध्ये वीस जणांसमोर मी म्हणालो की तिथे लॉकिंग नीट झालेलं नाही, आणि उघडून दाखवलं तर खरोखरच दोन जागी नव्हतं. माझी मान ताठ. आरसीएमध्ये तिच्या मॉड्यूलचं नाव गेलं. तिने दोन आठवडे, शनिवार-रविवार धरून, ते पुन्हा लिहिलं. सोबत मीही बसलो, मार्गदर्शक म्हणून. न लिहिलेले दोन विकांत ते हेच.

फाइली खराब होतच राहिल्या. परवा बुधवारी रात्री सापडलं. मी गेल्या वर्षी लिहिलेला एक साफसफाईचा धागा बफर पूलमध्ये परत दिल्यानंतरही त्याचा पत्ता धरून बसायचा, आणि थोड्या वेळाने तिथे लिहायचा. बफर तोवर दुसऱ्याचा झालेला. बहुतेक वेळा तिच्याच मॉड्यूलचा, कारण सगळ्यात जास्त बफर तेच मागतं.

काल आरसीए बदलून त्यात माझा कमिट घातला. सोमवारी अकरा वाजता तेच वीस जण. तिला मात्र कालच सांगितलं. जेवून आलो होतो, पॅन्ट्रीत कोणी नव्हतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दोन आठवडे मी जे बदललं, ते सगळं रिव्हर्ट करायचं का?"

मी म्हणालो, नको, राहू दे. लॉकिंगचे ते दोन बग खरे होते.

"ते मला माहितीये," ती म्हणाली, आणि कप धुवायला गेली.